हसू आणि हसे

मंडळी, पाटी घ्या. तिच्यावर दोन शब्द लिहा. पहिला शब्द 'हसू'. दुसरा शब्द 'हसे'.

आता नीट पाहा. 'ह' तोच. 'स'ही तोच. पहिल्या शब्दात 'स'च्या पायाशी उकार आहे. दुसऱ्या शब्दात 'स'च्या डोक्यावर मात्रा आहे. फरक एवढाच. पण अर्थात केवढे अंतर! "मला हसू आले," असे आपण आनंदाने सांगतो. "माझे हसे झाले," असे सांगताना मान खाली जाते. हसू आले की माणूस फुलतो. हसे झाले की तोच माणूस कोमेजतो.

आज या दोन्ही शब्दांविषयी वाचायचे आहे. घाई करू नका. एकेक ओळ वाचा. जोडाक्षर आले की थांबा, शेजाऱ्याला विचारा आणि पुढे चला.

आपल्या भाषेत हसण्याला किती शब्द आहेत, ते आधी पाहू. तान्हे बाळ खुदकन हसते. नवी नवरी गालातल्या गालात हसते. पोरेटोरे खिदळतात. गडीमाणसे खदाखदा हसतात. एखादा म्हातारा मिशीतल्या मिशीत हसतो. लबाड माणूस कुत्सित हसतो. आणि गोष्ट फारच रंगली तर हसता हसता मुरकुंडी वळते, डोळ्यांतून पाणी येते, 'पुरे रे बाबा' म्हणायची पाळी येते. ज्या गोष्टीशी माणसाचा रोजचा संबंध, तिला शब्द पुष्कळ. पावसाचे तसेच आहे. रिमझिम, सर, भुरभुर, झड. शेतकऱ्याला पाऊस नुसता 'पाऊस' म्हणून चालत नाही. हसण्याचेही तसेच.

हसायला कोणी शिकवत नाही. बोलायला शिकवावे लागते, चालताना बोट धरावे लागते. पण बाळ दीड-दोन महिन्यांचे झाले की आईकडे पाहून हसू लागते. तीन-चार महिन्यांचे झाले की खळखळून आवाज काढते. जन्मापासून आंधळे असलेले मूलही हसते. त्याने कोणाचा हसरा चेहरा कधी पाहिलेला नसतो. तरी ते हसते. म्हणजे हसणे ही उसनी आणलेली वस्तू नव्हे. ती उपजत आहे.

आणखी एक गंमत ऐका. उंदीरसुद्धा हसतो! खोटे वाटेल. अमेरिकेत याक पँक्सेप नावाचे एक शास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांनी उंदरांना गुदगुल्या केल्या. तेव्हा उंदीर एक बारीक आवाज काढू लागले. तो आवाज इतका उंच पट्टीचा की आपल्या कानाला ऐकूच येत नाही. यंत्र लावून तो ऐकला. गुदगुल्या थांबवल्या की उंदीर त्या हाताच्या मागे धावत, अजून करा म्हणून. आपल्या कणगीतले धान्य खाताना ते हसतात की नाही, हे मात्र कोणी तपासलेले नाही.

आता शरीरात काय होते ते पाहू. हा भाग थोडा सावकाश वाचा.

लोहाराचा भाता सर्वांनी पाहिला आहे. दांडा ओढला की भाता फुगतो, हवा आत येते. दांडा सोडला की हवा फुस्सदिशी बाहेर जाते. आपली छाती म्हणजे असाच एक भाता आहे. बरगड्यांचा पिंजरा आहे. त्यात दोन फुप्फुसे आहेत. पिंजऱ्याच्या तळाशी, पोटाच्या वर, मांसाचा एक आडवा पडदा आहे. पडदा खाली गेला की हवा आत येते. पडदा वर गेला की हवा बाहेर जाते. दिवसरात्र हे काम चालू असते. आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

हसताना या भात्याची चाल बदलते. श्वास एका दमात बाहेर जात नाही. तो धक्के देत जातो. हा, हा, हा! प्रत्येक 'हा' म्हणजे एक धक्का. आत्ताच करून पाहा. डावा हात पोटावर ठेवा आणि मोठ्याने हसा. पोट उडते की नाही? पोटाचे, बरगड्यांच्या मधले आणि त्या पडद्याचे स्नायू सगळे एकदम कामाला लागतात. छातीतली हवा पार रिकामी होते. मग आपण आपोआप एक लांब श्वास घेतो. ताजी हवा आत येते. नाडी थोडी जलद चालते. तोंड लाल होते. आणि हसणे संपले की नाडी खाली येते, अंग सैल पडते, बरे वाटते.

अंग सैल पडते ही गोष्ट तुम्हाला चांगली ठाऊक आहे. दोघे मिळून पोते उचलत असतात. तेवढ्यात एक जण काहीतरी चावट बोलतो. दुसऱ्याला हसू फुटते. आणि पोते धप्पदिशी खाली! हातातले बळच गेले. विहिरीवर घागर उचलताना बायकांचेही असेच होते. हसताना स्नायूंची पकड ढिली होते, हे डॉक्टरांनीही तपासून पाहिले आहे. म्हणून ओझे उचलताना विनोद करू नये. ओझे खाली ठेवले की खुशाल करावा.

ढिली पकड पोते उचलताना वाईट, पण एरवी फार गुणाची. दिवसभर माणूस आवळलेला असतो. कर्जाचा हप्ता, पावसाची वाट, मुलीचे लग्न, भावकीतला बांध. मान आवळलेली, खांदे आवळलेले, दातावर दात. रात्री पाठ टेकली तरी अंग सुटत नाही. अशा माणसाला दोन घटका मोकळे हसता आले तर गाठ सुटल्यासारखे होते. झोपही बरी लागते.

मोठमोठ्या डॉक्टरांनी याचे प्रयोग केले आहेत. तीन सांगतो.

पहिला प्रयोग अमेरिकेतला, बाल्टिमोर शहरातला, २००५ सालचा. डॉ. मायकेल मिलर यांनी २० धडधाकट माणसे घेतली. त्यांना एकदा लढाईचा भीषण चित्रपट दाखवला आणि एकदा हसवणारा चित्रपट दाखवला. दोन्ही वेळा दंडातली रक्तवाहिनी यंत्राने तपासली. लढाईची दृश्ये पाहून २० पैकी १४ जणांच्या रक्तवाहिन्या आवळल्या गेल्या. हसल्यानंतर २० पैकी १९ जणांच्या रक्तवाहिन्या सैल होऊन रक्त मोकळे वाहू लागले. पाट तोच, पण बांध आवळला की पाणी अडते आणि बांध सोडला की खळखळ वाहते, तसे.

दुसरा प्रयोग जपानातला. तो २००३ साली प्रसिद्ध झाला. साखरेचा आजार, म्हणजे मधुमेह असलेल्या १९ माणसांना एके दिवशी जेवण देऊन एक रटाळ व्याख्यान ऐकवले. दुसऱ्या दिवशी तेच जेवण दिले आणि विनोदी कलाकारांचा खेळ दाखवला. दोन्ही दिवशी जेवणानंतर रक्तातली साखर मोजली. खेळ पाहून हसले त्या दिवशी साखर कमी चढली. व्याख्याने देणाऱ्या आम्हा मास्तर लोकांना हा प्रयोग फारसा आवडण्यासारखा नाही, पण खरे ते सांगितले पाहिजे.

तिसरा प्रयोग इंग्लंडातला, ऑक्सफर्डचा, २०११ सालचा. रॉबिन डनबार आणि त्यांच्या सोबत्यांनी माणसांना थोडा त्रास दिला. हाताला बर्फासारखे गार वेष्टन गुंडाळले, नाहीतर दाब देणारा पट्टा आवळला. दुखणे किती वेळ सोसवते ते पाहिले. चारचौघांत बसून खदाखदा हसलेल्या माणसांना ते जास्त वेळ सोसवले. दुखणे कमी करणारे एक द्रव्य शरीर स्वतःच तयार करते. हसण्याने ते सुटते, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

हे प्रयोग थोड्याथोड्या माणसांवर केलेले आहेत, हेही ध्यानात ठेवा. 'हसा आणि गोळ्या फेकून द्या' असे कोणी सांगू लागला तर त्याच्या नादी लागू नका. क्षयाचे औषध हसत हसत घ्यावे, पण घ्यावेच. रक्तदाबाची गोळी, साखरेची गोळी चुकवू नये. साप चावला तर तडक दवाखाना गाठावा.

याच संबंधात नॉर्मन कझिन्स यांची हकिगत सांगण्यासारखी आहे. हे गृहस्थ अमेरिकेत एका साप्ताहिकाचे संपादक होते. १९६४ साली त्यांना सांध्यांचा भयंकर आजार झाला. हात हलवायचा म्हटले तरी यातना. झोप नाही. डॉक्टरांनी फारशी आशा दाखवली नाही. तेव्हा त्यांनी आपल्या ओळखीच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने रुग्णालयातून मुक्काम हलवला आणि खोलीत विनोदी चित्रपट लावून ते पाहू लागले. त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे की दहा मिनिटे पोट धरून हसलो की दोन तास वेदनेशिवाय झोप लागत असे. हळूहळू ते बरे झाले. १९७६ साली त्यांनी ही हकिगत डॉक्टर लोकांच्या एका मोठ्या नियतकालिकात छापली आणि १९७९ साली तिचे पुस्तक केले. ते केवळ हसण्यानेच बरे झाले का? तसे म्हणता येणार नाही. ते दुसरे उपायही करत होते आणि डॉक्टरांची देखरेख होती. पण दहा मिनिटांच्या हसण्याने दोन तासांची झोप, हा सौदा काही वाईट नाही. ज्याने दुखण्यात रात्र रात्र छताकडे बघत काढली आहे, त्याला दोन तासांची किंमत विचारा.

मुंबईत तर हसण्याचा वर्गच निघाला. डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ रोजी अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या एका बागेत सकाळी माणसे गोळा केली. पहिल्या दिवशी पाचच माणसे होती. कोंडाळे करून उभे राहायचे, एकाने मध्ये येऊन विनोद सांगायचा आणि सगळ्यांनी हसायचे, असा बेत. काही दिवस मजेत गेले. मग विनोद संपले. जे उरले होते ते घाणेरडे होते, नाहीतर कोणाला तरी बोचणारे होते. माणसे नाराज झाली. वर्ग मोडायची वेळ आली. तेव्हा डॉक्टरांनी ठरवले की विनोदच नको. नुसते हसायचे. आधी ओढूनताणून 'हो हो, हा हा' करायचे. एकमेकांच्या तोंडाकडे पाहून मग खरे हसू येते. आज देशात आणि परदेशात असे हास्यवर्ग पुष्कळ ठिकाणी चालतात. मे महिन्यातला पहिला रविवार जगात हास्यदिन म्हणून पाळतात.

आपल्या गावात कोणी पहाटे मैदानात उभे राहून हो हो करू लागले तर लोक भगताला बोलावतील! शहरातल्या माणसाला शेजारी कोण राहतो हे ठाऊक नसते. त्याला हसायलाही वर्ग लागतो. आपल्याकडे पार आहे, चावडी आहे, खळे आहे, पाणवठा आहे. तिथे चार माणसे बसली की हसू आपोआप येते. रॉबर्ट प्रोव्हाइन नावाच्या एका अमेरिकन प्राध्यापकांनी माणसे केव्हा हसतात याचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. रस्त्यात, बाजारात माणसे उभी राहून बोलतात, ते त्यांनी टिपून ठेवले. त्यांना दोन गोष्टी आढळल्या. माणूस एकटा रिकामा बसलेला असताना जेवढे हसतो, त्याच्या तीसपट चारचौघांत हसतो. आणि दहा वेळा हसला तर त्यांतली आठ-नऊ वेळा विनोद असा काही झालेलाच नसतो. "काय पाव्हणं, आज इकडं कुणीकडं?" एवढ्यावरही माणसे हसतात. म्हणजे हसण्याला विनोद लागतोच असे नाही. सोबत मात्र लागते. हातातल्या फोनवर एकटेच बघत बसण्यापेक्षा पारावर जाऊन बसावे, असे मला वाटते ते याचसाठी.

आपल्या बापजाद्यांनी हसण्याची सोय चांगली करून ठेवली होती. तमाशात सोंगाड्या होता. तो राजालाही चिमटा काढी आणि पाटलालाही. एकनाथ महाराजांनी चारशेहून अधिक वर्षांपूर्वी भारुडे रचली. ती ऐकताना माणूस हसतो आणि हसता हसता शहाणपण पोटात जाते. कडू काढा गुळाच्या खड्याबरोबर द्यावा, तसे.

पण या बाबतीत गाडगे महाराजांची सर कोणाला नाही. त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यात शेंडगाव येथे परिटाच्या घरी झाला. अंगावर चिंध्या, डोक्यावर फुटके गाडगे, हातात खराटा. गावात शिरले की आधी गाव झाडायचे. नाल्या साफ करायच्या. रात्री कीर्तन. हजारो माणसे जमत. महाराज स्वतः शाळेत शिकलेले नव्हते. पोथी पुढे ठेवून ते बोलत नसत. ते समोरच्या माणसांना प्रश्न विचारीत. साधे, सरळ, पोराला विचारावेत तसे प्रश्न. माणसे उत्तर देत. त्या उत्तरावर आणखी एक प्रश्न. असे करता करता माणसे स्वतःच स्वतःच्या पेचात सापडत आणि हशा पिकत असे. नवसाला बकरे कापणारा, कर्ज काढून बारशाची आणि बाराव्याची पंगत उठवणारा, दारू पिणारा, माणसाला शिवायला विटाळ मानणारा, प्रत्येक जण त्या हशात असे. आणि घरी जाताना प्रत्येकाला कळत असे की आपण हसलो ते आपल्यालाच. कोणा एकाचे नाव घेऊन त्यांनी त्याला चारचौघांत उघडे पाडले नाही. वेडेपणाचे हसे केले, माणसाचे केले नाही. मुलांना शाळेत घाला, त्यासाठी पोटाला चिमटा घ्यावा लागला तरी घ्या, ही त्यांची शिकवण. २० डिसेंबर १९५६ रोजी ते वारले. त्यांच्या एका कीर्तनाचे ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळते. कोणाकडे असेल तर वर्गात आणून लावा. वऱ्हाडी बोली आहे, आधी जरा कान द्यावा लागेल.

आता बायकांविषयी थोडे बोलू. वर्गात बायका जास्त आहेत, आणि पुरुषांनीही हे वाचावे.

"बाईच्या जातीनं मोठ्यानं हसू नये." हे वाक्य तुम्ही लहानपणापासून ऐकले असेल. मुलगी वयात आली की तिचे हसणे घरातल्यांच्या डोळ्यावर येते. सासरी गेली की पदर तोंडाला लावून हसायचे. तेही कोणी पाहत नाही असे बघून. मी विचारतो, बाईच्या छातीतला भाता काय वेगळा असतो? तिच्या रक्तवाहिन्या काय वेगळ्या असतात? पहाटे उठून रात्री सर्वांच्या मागे निजणाऱ्या बाईचे अंग पुरुषापेक्षा कमी आवळलेले असते का? तिला हसायची गरज जास्त, आणि बंदी तिलाच!

आपल्या आज्या-पणज्या हुशार होत्या. त्यांनी वाट काढली. जात्यावर बसल्या की ओवीतून नणंदेला टोला. हादग्याच्या गाण्यात सासू, सासरे, दीर, नवरा, सगळ्यांची थट्टा. मंगळागौरीला रात्र जागवायची, फुगड्या घालायच्या आणि हसून हसून बेजार व्हायचे. नाव घेताना नवऱ्याला उखाण्यात असे काही गुंफायचे की मांडवात हशा व्हावा. वर्षातून चार दिवस का होईना, हक्काचे हसणे होते. आता जाती गेली, चक्की आली. हादगा पुष्कळ ठिकाणी बंद पडला. कष्ट थोडे कमी झाले हे चांगलेच. पण ते हसणे कुठे गेले? ज्या घरात सून मोकळी हसते, त्या घराला लोक नावे ठेवतात. मी तर म्हणतो, असे घर पाहूनच मुलगी द्यावी.

आता दुसऱ्या शब्दाकडे वळू. 'हसे'.

आमच्या रात्रीच्या वर्गात एक मावशी येत. वय साठीच्या घरात. दिवसभर मजुरी करून येत. पण धडा चुकवत नसत. एकदा ग्रामपंचायतीची एक जाहीर सूचना मी फळ्यावर उतरवली आणि मावशींना वाचायला सांगितली. त्या बोट धरून एकेक अक्षर लावू लागल्या. शेवटी 'सरपंच' हा शब्द होता. मावशींनी वाचले, 'सरपण'.

झाले! सगळा वर्ग फुटला. मागच्या रांगेतला एक तरुण म्हणाला, "मावशे, सरपंचाला चुलीत घालतीस का काय?" पुन्हा हशा. मावशींनी पाटी खाली ठेवली. काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. पंधरा दिवस झाले.

त्या तरुणाच्या मनात काही वाईट नव्हते. शब्द गमतीचा होता हेही खरे. पण विचार करा. साठ वर्षे जिने अंगठा उठवला, ती बाई धीर करून पाटी हातात घेते. घरी सून म्हणते, "आता म्हातारपणी काय मास्तरीण व्हायचंय?" शेजारीण नाक मुरडते. त्या सगळ्यांना ओलांडून ती वर्गाच्या दारात येते. आणि इथे तिचे हसे होते. ज्या दुखण्यावर तो डनबारांचा प्रयोग झाला, ते हाताचे दुखणे होते. हे दुखणे मनाचे. ते पंधरा दिवसांनीही उतरत नाही.

शेवटी वर्गातल्याच एक आजीबाई मावशींच्या घरी गेल्या. त्यांनी काय सांगितले ते त्यांनीच नंतर मला सांगितले. त्या म्हणाल्या, "अगं, मी काल 'दवाखाना' वाचलं 'दाणाखाना'. माझं मलाच हसू आलं. तू चल. आपण दोघी मिळून चुकू. एकटीनं चुकलं की लाज, दोघींनी चुकलं की गंमत." मावशी आल्या. त्या तरुणाने उठून त्यांना पुढची जागा दिली. मावशींनी फळ्यावर 'सरपंच' आणि 'सरपण' असे दोन्ही शब्द लिहून दाखवले आणि म्हणाल्या, "दोन्ही वाळलेले बरे असतात." त्या दिवशीचा हशा शेजारच्या आळीत ऐकू गेला असेल. शब्दही तेच होते आणि माणसेही तीच होती. पण या वेळी मावशी स्वतः सगळ्यांच्या बरोबर हसत होत्या.

'हसतील त्यांचे दात दिसतील,' अशी आपल्याकडे म्हण आहे. ती खरी आहे. लोकांच्या हसण्याला भिऊन चांगले काम सोडू नये. पण ही म्हण ज्याला हसतात त्याच्यासाठी आहे. हसणाऱ्याने तिचा आडोसा घेऊ नये. लंगड्याला लंगड्या म्हणून, काळ्या मुलीला काळी म्हणून, तोतऱ्या पोराची नक्कल करून जे हसतात, त्यांचे दात दिसतात खरे, पण त्या पोराची शाळा सुटते. अशी पोरे मी पुष्कळ पाहिली. गणित येत होते, वाचता येत होते. फळ्यापाशी उभे राहिले की मागून कोणीतरी 'त-त-त' करी. मग पोर गुरे राखायला जाऊ लागे आणि बाप सांगे, "त्याचं डोकंच नाही."

आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यायला हवे. एखादा माणूस पूर्वी हसत-खेळत असे आणि आता हसेनासा झाला. पारावर येत नाही. जेवण नकोसे झाले. रात्र रात्र जागाच. आवडीच्या कामात मन नाही. 'आता जगून काय करायचं' असे बोलतो. असे दोन आठवडे चालले तर तो मनाचा आजार असू शकतो. ताप जसा आजार, तसाच हाही. त्याला "हस की जरा, काय तोंड पाडून बसलायस" असे म्हणू नका. पाय मोडलेल्याला पळ म्हणण्यासारखे ते आहे. त्याच्याजवळ बसा. त्याचे ऐकून घ्या. सरकारी दवाखान्यात घेऊन जा. याला औषध आहे, उपचार आहेत आणि माणसे बरी होतात. सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये यासाठी फोनची सोय सुरू केली आहे. तिचे नाव टेलि-मानस. नंबर आहे १४४१६. दिवसा किंवा रात्री केव्हाही लावता येतो. पैसे पडत नाहीत. मराठीतून बोलता येते. हा नंबर वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या आकड्यांत लिहून ठेवा. पीक गेले, कर्ज थकले, घरात मरण झाले, अशा वेळी कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

आणि ज्यांचे नुकतेच पोटाचे ऑपरेशन झाले आहे, टाके ओले आहेत, किंवा ज्यांना अंतर्गळ आहे, त्यांनी जोराने हसणे जपून करावे. दम्याच्या माणसालाही फार हसल्याने कधी कधी धाप लागते. त्यांना हसवणाऱ्यानेच थोडे भान ठेवावे.

तुम्हाला आता वाचता येऊ लागले आहे. तेव्हा हसण्याचे एक नवे दार उघडले आहे. द. मा. मिरासदार (१९२७ ते २०२१) आणि शंकर पाटील (१९२६ ते १९९४) यांनी खेड्यातल्या माणसांच्या फार मजेदार गोष्टी लिहिल्या आहेत. ते आणि व्यंकटेश माडगूळकर गावोगाव जाऊन गोष्टी सांगत आणि लोक पोट धरून हसत. मिरासदारांचे 'भुताचा जन्म' हे पुस्तक वाचनालयात मिळाले तर आणा. एकाने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे. जो वाचेल त्याला मध्येच हसू फुटते आणि पुढचे वाचवत नाही. मग दुसऱ्याने घ्यावे. असे करता करता पुस्तक संपते आणि सगळ्यांचे वाचन होते.

आता अभ्यास. 'हसू' हा शब्द घालून दोन वाक्ये लिहा. 'हसे' हा शब्द घालून एकच लिहा, तेवढे पुरे. 'सरपंच' आणि 'सरपण' यांसारखी फसवी जोडी तुम्हाला सापडली तर पाटीवर लिहून आणा. बायकांनी आपल्या आईच्या किंवा आजीच्या तोंडचा एक गमतीचा उखाणा लिहून आणावा. पुरुषांनाही उखाणे येतात, त्यांनी लाजू नये. ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर चुकू द्या. ते वर्गात सगळे मिळून दुरुस्त करू.